सगळं वाचायचं नसतं: सोशल मीडियाच्या भडिमारात माध्यम साक्षरता कशी वापरावी

सोशल मीडियाचा ताण होतोय असं कुणी म्हटलं की सल्ला ठरलेला असतो: फोन बाजूला ठेव. सल्ला चुकीचा नाही, पण तो फार दिवस टिकत नाही. मुलांच्या शाळेची सूचना व्हॉट्सअ‍ॅपवर येते, पाण्याच्या टँकरची वेळ तिथेच कळते, कांद्याचा भाव तिथेच आणि मावसबहिणीच्या डोहाळजेवणाचं आमंत्रणही तिथेच. मग दुसरा सल्ला येतो: आलेली प्रत्येक गोष्ट तपासून बघ. हा तर आणखी दमवणारा. दिवसाला शे-दोनशे मेसेज येणाऱ्या माणसाने प्रत्येकाची शहानिशा करायची म्हटली, तर दुसरं काही करायला वेळच उरणार नाही.

आमच्या वाचनालयात मी नव्याने स्मार्टफोन वापरू लागलेल्यांसाठी वर्ग घेते. माध्यम साक्षरता म्हणजे खोट्या बातम्या पकडणं, अशी समजूत करून बरेच जण येतात. तो त्यातला एक भाग आहे. पण भडिमाराने थकलेल्या माणसाला तिचा खरा उपयोग वेगळाच होतो: समोर आलेलं काय आहे हे पटकन ओळखता आलं, की त्यातलं बहुतेक निश्चिंतपणे सोडून देता येतं. तांदूळ निवडताना आपण दाणा न् दाणा तपासत नाही. खडा कसा दिसतो हे नजरेला ठाऊक असतं, म्हणून हात भराभर चालतो. ती नजर कशी तयार करायची, ते खाली पायरीपायरीने सांगते.

पायरी १: न संपणारी गोष्ट ओळखा

वर्तमानपत्र शेवटच्या पानावर संपतं. आकाशवाणी पुण्याच्या सकाळी ७ वाजून १० मिनिटांच्या प्रादेशिक बातम्या वर्षानुवर्षं ऐकणाऱ्यांना ठाऊक आहे की दहा मिनिटांत त्या संपतात आणि माणूस आंघोळीला जातो. इन्स्टाग्राम, फेसबुक, यूट्यूब शॉर्ट्स यांना शेवट नाही. बोटाने वर सरकवत राहिलं की नवं काही ना काही येतंच. ही ‘अनंत स्क्रोल’ची रचना एझा रास्किन या डिझायनरने २००६ मध्ये तयार केली आणि पुढे बहुतेक सगळ्या अ‍ॅप्सनी ती उचलली. तेव्हा ‘मला मेली सवयच वाईट’ असं म्हणून स्वतःला दोष देऊ नका. थांबायची जागा मुळातच काढून टाकलेली आहे, ती आपल्याला पुन्हा घालून घ्यायची आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे, अ‍ॅप आपल्याला बघत असतं. कोणत्या व्हिडिओवर बोट थांबलं, काय दोनदा पाहिलं, कशाखाली कमेंट केली, या सगळ्याची नोंद होते आणि त्यावरून पुढचं ताट वाढलं जातं. आवडलं म्हणून थांबलात की चीड आली म्हणून, याने फारसा फरक पडत नाही. एखाद्या भडक व्हिडिओखाली ‘लाज वाटत नाही का’ असं लिहिलं, तर तशाच जातीचे आणखी चार व्हिडिओ येतील. चीड आणणारं काही दिसलं तर कमेंट न करता त्या पोस्टवरच्या तीन टिंबांवर दाबा आणि ‘स्वारस्य नाही’ निवडा. यूट्यूबवर पाहिलेल्या व्हिडिओंचा इतिहास बंद करून जुना पुसून टाकला, तर होम पानावरच्या शिफारशीच बंद होतात. मग आपल्याला जे बघायचंय ते शोधून बघावं लागतं. हा बदल लहान वाटतो, पण माझ्या मते फोनमधला सगळ्यात गुणकारी बदल हाच.

पायरी २: आधी वाटणी, मग वाचन

मेसेज उघडण्यापूर्वी मनात एकच प्रश्न विचारा: यावर मला आज-उद्याकडे काही करायचंय का?

शाळेची सूचना, बँकेचा मेसेज, मीटिंगची वेळ यांचं उत्तर ‘हो’. ही झाली कामं. दुसऱ्या वाटणीत माणसं: कुणाकडे बाळ झालं, कुणाचे वडील गेले, भाचीचा नाचतानाचा व्हिडिओ. यावर करायचं काही नसलं तरी ती आपली माणसं आहेत, तिथे वेळ गेला तर वाईट वाटून घेऊ नका. उरलेलं सगळं तिसऱ्या वाटणीत. राजकारण, आरोग्याचे नुस्खे, ‘नासाने सांगितले आहे’ छापाचं ज्ञान, अपघाताचे व्हिडिओ, सुविचार. बहुतेकांच्या फोनमध्ये ही तिसरी वाटणी सगळ्यात मोठी असते.

आता महत्त्वाचा मुद्दा. तिसऱ्या वाटणीतल्या मेसेजबद्दल तो खरा की खोटा हे ठरवण्याचं ओझं तुमच्यावर नाही. न वाचता, न ठरवता तो तसाच सोडता येतो. ठरवण्याची जबाबदारी येते ती तुम्ही त्यावर काही करणार असाल तेव्हाच: पैसे भरणार असाल, औषध घेणार किंवा थांबवणार असाल, कुणावर संशय घेणार असाल, किंवा मेसेज पुढे पाठवणार असाल. एवढ्या चार वेळांनाच थांबून तपासायचं. वर्गात हे सांगितलं की काही जणांच्या चेहऱ्यावरचा ताण तिथेच उतरतो, कारण आलेल्या प्रत्येक गोष्टीवर आपलं मत असायलाच हवं असं त्यांना वाटत असतं.

पायरी ३: मेसेजची बोली ऐका

धोक्याचा मेसेज बहुतेक वेळा स्वतःच ओळख देतो. हा नमुना बघा:

*‘सावधान!! आपल्या भागात मुले पळवणारी टोळी आली आहे. आज सकाळीच दोन मुले गायब झाली. पोलीस स्टेशनमधून मेसेज आला आहे. आपल्या मुलांना सांभाळा. जास्तीत जास्त शेअर करा.’*

‘आपल्या भागात’, म्हणजे कुठे? हाच मेसेज सोलापुरात वाचला तर सोलापूर, चिपळुणात वाचला तर चिपळूण. ‘आज सकाळी’, कोणत्या तारखेच्या? दोन वर्षांनी हाच मेसेज आला तरी ‘आज’ ताजाच राहतो. कोणतं पोलीस ठाणं, कोणते अधिकारी, मुलांचं वय काय, काहीच नाही. आणि शेवटी हुकूम: शेअर करा. खऱ्या सूचनेत ठिकाण असतं, तारीख असते, संपर्काचा क्रमांक असतो. अफवेत भीती असते आणि पुढे पाठवायचा आग्रह असतो.

असल्या मेसेजने काय होतं हे महाराष्ट्राने पाहिलेलं आहे. १ जुलै २०१८ ला, रविवारी, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा गावात आठवडे बाजार भरला होता. भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले होते. त्यांच्यातला एक जण एका लहान मुलीशी बोलताना दिसला आणि मुलं पळवणारी टोळी आली असा गलका झाला. जमावाने पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारलं. त्याआधी कित्येक दिवस त्या पट्ट्यात टोळीच्या अफवा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होत्या.

त्या काळात देशभर फिरलेला एक व्हिडिओ तर मुळात कराचीतला होता. मोटरसायकलवरून आलेले दोघे रस्त्यावर खेळणाऱ्या मुलाला उचलून नेतात, असं त्यात दिसायचं. प्रत्यक्षात ती पालकांना सावध करण्यासाठी केलेली जनजागृतीची फिल्म होती. मूळ फिल्ममध्ये ते दोघे लगेच मागे वळतात, मुलाला परत सोडतात आणि मूल पळवायला किती कमी वेळ लागतो हे सांगणारा फलक दाखवतात. फिरणाऱ्या तुकड्यातून नेमका तो शेवट कापलेला होता.

अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक मोठा अभ्यास छापला. २००६ ते २०१७ या काळात ट्विटरवर फिरलेल्या सुमारे १,२६,००० खऱ्याखोट्या बातम्या त्यांनी तपासल्या. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खरीपेक्षा ७० टक्के जास्त निघाली, आणि १,५०० लोकांपर्यंत पोहोचायला खऱ्या बातमीला खोटीच्या सुमारे सहापट वेळ लागत होता. ती पसरवणारी मुख्यतः माणसंच होती, यंत्रं नव्हेत. खोट्या बातम्यांवरच्या प्रतिक्रियांमध्ये आश्चर्य, भीती आणि किळस जास्त होती.

म्हणून एक साधी खूण लक्षात ठेवा. मेसेज वाचून छातीत धडधड झाली, राग डोक्यात गेला किंवा ‘बघा, मी म्हणतच होतो’ असं वाटलं, की फोन खाली ठेवायचा. पाच मिनिटांनी उचलायचा. तेवढ्यात बहुतेक मेसेजची धग उतरते.

पायरी ४: तपासायचंच असेल तर आडवं वाचा

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातले सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्र्यू यांनी इतिहासाचे अभ्यासक, विद्यापीठाचे विद्यार्थी आणि व्यावसायिक तथ्य-तपासनीस यांना अनोळखी संकेतस्थळं दाखवली आणि ते काय करतात ते पाहिलं. शिकलेसवरलेले अभ्यासक त्या पानावर वरपासून खालपर्यंत वाचत बसले आणि अनेकदा फसले. तपासनीस मात्र काही क्षणांत ते पान सोडून नव्या टॅबमध्ये गेले आणि या संस्थेबद्दल बाकीचे काय म्हणतात ते शोधू लागले. त्यांनी वाचलं कमी आणि निष्कर्ष मात्र लवकर व अचूक काढला. याला आडवं वाचन म्हणतात. मेसेजमध्ये खोल शिरू नका, त्याच्या बाहेर या.

*फोटो असेल तर* गुगल लेन्सने शोधा. व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो आधी गॅलरीत साठवा, मग गुगल अ‍ॅपमधल्या कॅमेऱ्याच्या खुणेवर दाबून तो निवडा. तोच फोटो आधी कुठे आला होता ते दिसतं. निकालांतला सगळ्यात जुना शोधा. आजच्या पुराचा म्हणून आलेला फोटो चार वर्षांपूर्वीच्या बातमीत सापडला, तर तपास तिथेच संपला.

*व्हिडिओ असेल तर* तो थांबवून स्क्रीनशॉट घ्या आणि त्यावर लेन्स चालवा. शिवाय डोळे वापरा. दुकानांच्या पाट्या कोणत्या लिपीत आहेत? गाड्यांच्या पाट्यांवर एमएच आहे की दुसरंच काही? धुळ्याचा म्हणून आलेल्या व्हिडिओत एमएच १८ ची एकही गाडी दिसू नये, एसटीची लाल बसही नसावी, हे विचारात पाडणारं आहे. लोक बोलताहेत ती बोली तिथली आहे का? या बाबतीत आपल्या घरच्या वडीलधाऱ्यांचे कान तरुणांपेक्षा तीक्ष्ण असतात, हा माझा वर्गातला अनुभव आहे. एका आजोबांनी निव्वळ धोतराच्या नेसणीवरून ‘हे आपल्याकडचं नाही’ असं सांगितलं आणि ते बरोबर निघालं.

*वर्तमानपत्राचं कात्रण असेल तर* त्यावर वृत्तपत्राचं नाव, आवृत्ती आणि तारीख आहे का बघा. बहुतेक मराठी दैनिकांचे ई-पेपर आवृत्तीनुसार बघता येतात. त्या तारखेचं पान उघडलं की कात्रण खरं की संगणकावर बनवलेलं ते कळतं.

*शासन निर्णय असेल तर* ही युक्ती शिक्षकांच्या आणि निवृत्तांच्या ग्रुपवर फार उपयोगी पडते. महाराष्ट्र शासनाच्या जीआरच्या शेवटी एक १८ आकडी संकेतांक छापलेला असतो. त्याचे पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना आणि दिवस. संकेतांक २०१९०८०६ ने सुरू होत असेल, तर तो जीआर ६ ऑगस्ट २०१९ चा आहे, मेसेजमध्ये ‘आजचा ताजा निर्णय’ असं कितीही लिहिलेलं असो. शासनाच्या संकेतस्थळावर तोच संकेतांक घालून मूळ प्रत काढता येते.

पावसाळ्यात ‘उद्या शाळांना सुट्टी’ अशी जिल्हाधिकाऱ्यांची पत्रं फिरतात. त्यांतली काही मागच्या वर्षीची असतात, काहींवरची तारीख बदललेली असते. अशा वेळी जिल्हा माहिती कार्यालयाचं अधिकृत खातं बघा, नाहीतर सरळ वर्गशिक्षिकेला फोन करा. एक फोन दहा फॉरवर्डपेक्षा भरवशाचा.

केंद्र सरकारच्या योजना आणि आदेश यांबद्दलच्या दाव्यांसाठी पत्र सूचना कार्यालयाचा ‘पीआयबी फॅक्ट चेक’ विभाग २०१९ पासून काम करतो. तो सरकारचाच विभाग असल्यामुळे वादाच्या विषयात त्याच्या जोडीला बूम किंवा ऑल्ट न्यूजसारख्या स्वतंत्र तपासनीसांचंही बघावं, असं मी सुचवेन.

*ओळखीचा चेहरा बोलत असेल तर* जास्तच सावध. जानेवारी २०२४ मध्ये सचिन तेंडुलकर एका गेमिंग अ‍ॅपची जाहिरात करतोय असा व्हिडिओ फिरला. चेहरा त्याचा, आवाजही त्याच्यासारखा, पण व्हिडिओ बनावट. त्याने स्वतःच आपल्या खात्यावरून लोकांना सावध केलं. लेन्स इथे पुरी पडेलच असं नाही. त्या माणसाच्या अधिकृत खात्यावर तेच सांगितलेलं आहे का, एवढं बघा. पैसे गुंतवायला सांगणारा कोणताही चेहरा असला तरी उत्तर ‘नाही’ हेच.

आणि पोलीस किंवा सीबीआयचे अधिकारी म्हणून व्हिडिओ कॉल आला, ‘तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे’ असं सांगितलं, तर तपासत बसू नका. भारतीय कायद्यात डिजिटल अटक नावाचा प्रकारच नाही. फोन ठेवा, घरात कुणाला तरी सांगा, आणि पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा.

पायरी ५: ‘सगळ्यांनी पाठवलंय’ याला भुलू नका

‘अगं, चार ग्रुपवर आलंय, काहीतरी असेलच ना?’ हा प्रश्न मला दर बॅचमध्ये ऐकू येतो. चार ग्रुपवर आलेला मेसेज हा चार साक्षीदारांचा पुरावा नसतो, एकाच मेसेजच्या चार प्रती असतात. तेच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकलं की ते खरं वाटू लागतं, हे मानसशास्त्रज्ञांनी १९७७ मध्येच प्रयोगाने दाखवलं होतं. व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेजच्या डोक्यावर दुहेरी बाण दिसला तर तो किमान पाच हातांतून पुढे आलेला आहे. अशा मेसेजचा मूळ लेखक तुमच्या ओळखीचा नाही, पाठवणारी भले सख्खी आत्या असो.

पायरी ६: फोनची मांडणी एकदाच करून ठेवा

हे अर्ध्या तासाचं काम आहे. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये मीडिया आपोआप डाउनलोड होणं बंद करा. ग्रुपमध्ये कोण घालू शकतं तिथे ‘माझे संपर्क’ निवडा. कामाचे तीन-चार ग्रुप सोडून बाकीचे ‘नेहमीसाठी म्यूट’ करून संग्रहित करा. ग्रुप सोडल्याने जे रुसवेफुगवे होतात ते यात होत नाहीत, कारण कुणालाच ते कळत नाही. फोन आणि थेट मेसेज सोडून बाकी अ‍ॅप्सच्या सूचना बंद. बातम्यांसाठी एक वर्तमानपत्र किंवा एक बातमीपत्र ठरवा, संपणारं. तेवढं वाचून झालं की दिवसाच्या बातम्या झाल्या.

एकट्याने जमत नसेल तर घराने मिळून वेळ ठरवा. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये तर गावानेच ठरवलं: रोज संध्याकाळी ७ वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघरी टीव्ही-मोबाइल बंद, मुलं अभ्यासाला. भोंगा नसला तरी देवाजवळ दिवा लावायची किंवा जेवणाची वेळ धरून घरात हे करता येतं. पोरांना सांगून आपण रील बघत बसलो तर मात्र दुसऱ्याच दिवशी ते मोडेल.

पायरी ७: घरच्या मोठ्यांशी बोलताना

काकांनी चुकीचा मेसेज टाकला, तर ग्रुपवर सगळ्यांसमोर ‘हे फेक आहे’ लिहू नका. मान दुखावला की माणूस मेसेजची बाजू घेऊन भांडतो. त्यांना वेगळा मेसेज करा किंवा फोन करा: ‘काका, तुम्ही पाठवलेला तो व्हिडिओ बघितला. मला वाटतं तो जुना आहे, ही बातमी बघा ना. तुम्हीच ग्रुपवर सांगितलंत तर सगळे ऐकतील.’ दुरुस्ती करण्याचा मान त्यांच्याकडेच ठेवला, की पुढच्या वेळी पाठवण्याआधी ते स्वतःहून विचारतात, ‘जरा बघ गं, हे खरं आहे का?’

आरोग्याच्या नुस्ख्यांबाबत मात्र भीड धरू नका. मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या बंद करून काढा घ्या, असं सांगणारा मेसेज घरात आला तर त्याच दिवशी बोला, आणि शक्य असेल तर त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडूनच सांगवा. मुलांचं ते ऐकणार नाहीत, डॉक्टरांचं ऐकतील.

पायरी ८: आपल्याकडूनच चुकीचं गेलं तर

इतकं करूनही कधीतरी चुकीचं काही पुढे जाईल. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवल्यापासून साधारण अडीच दिवस ‘सगळ्यांसाठी डिलीट’ करता येतं, ते लगेच करा. पण तोवर लोकांनी वाचलेलं असतं, काहींनी पुढे ढकललेलंही असतं. म्हणून त्याच ग्रुपवर दोन ओळी लिहा: कोणता मेसेज होता, त्यात काय चूक होतं, खरी माहिती कुठे मिळेल. खोटा मेसेज पुन्हा जसाच्या तसा चिकटवू नका, नाहीतर तोच परत फिरेल. आणि तुम्ही तो ज्यांना वैयक्तिक पाठवला होता, त्यांना ही दुरुस्तीही वैयक्तिकच पाठवा.